भाषेचा रकाना

ताळगावच्या पठारावर संध्याकाळी वारा सुटतो,
खाली झुआरी काळवंडते,
पलीकडे मुरगावची जहाजं दिवे लावतात
आणि मी तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या लावते.
एकोणीस वर्षं. नोंदणी विभाग.

माझ्या कपाटात एक दाखलवही आहे,
विद्यापीठाहून थोरली.
बंद पडलेल्या कुठल्याशा शाळेच्या पुस्तकांसोबत आंदण आलेली.
सुरुवातीची पानं जांभळ्या शाईत,
प्रत्येक साताच्या पोटात आडवी रेघ.
मग एका पानावर शाई निळी होते.
मध्ये एक कोरी ओळसुद्धा नाही.
राज्य गेलं, राज्य आलं,
वहीत एवढंच दिसतं
की साताच्या पोटातली रेघ गेली.

आता शाखा अकरा.
काणकोणला एक, वाळपईला एक,
सांग्याला पंचायतीच्या जिन्याखाली अर्धी.
बुधवारी कुस्तोदियो गाडी घेऊन निघतो.
पुस्तकं परत येतात तेव्हा
रसायनशास्त्राला सुक्या सुंगटांचा वास असतो,
कायद्याच्या पानांत बसचं तिकीट,
एकदा तर जायांची अख्खी वळेसर,
सपाट, तपकिरी, मुदत संपून चार महिने झालेली.
दंड घ्यायला हात धजला नाही.

तळघरात सुलक्षा
डोळ्यांनी न दिसणाऱ्या मुलांसाठी धडे वाचून ठेवते.
बाहेर मोर ओरडतो, तो ध्वनिफितीत शिरतो.
ती पुसत नाही.
एक मुलगा म्हणाला होता,
मोर आला की मला कळतं, पान उलटायची वेळ झाली.

गेल्या मार्चात सांग्याहून दर्शिता वेळिप आली,
इतिहास, दुसरं वर्ष, हातात मागणीची चिठ्ठी:
बासन दोनशे बारा.
उघडलं तर सगळी गोयकानडी अक्षरं,
एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बसलेली.
एका प्राध्यापकांनी चष्मा पुसला,
दुसऱ्यांनी फोन आला म्हणून बाहेर जाणं पसंत केलं.
यंत्राने सुबक छायाचित्रं काढली,
त्यालाही वाचता कुठे येत होतं.

तेवढ्यात बांधणीतला गोकुळदास च्यारी
खळीचं भांडं घेऊन दारातून गेला,
आणि परत मागे आला.
चौथी नापास.
तीस वर्षं पुस्तकं शिवतोय, नेलं एकही नाही,
त्याच्या हुद्द्याला वाचकपत्र नाही.
पण पोरवयात फोंड्याकडच्या एका देवळात
म्हाताऱ्या हिशेबनिसाची शाई घोटायचा.
म्हाताऱ्याला दुपारी झोप येत नसे
म्हणून त्याने पोराला अक्षरं दिली.

त्याने बोटाची खळ सदऱ्याला पुसली
आणि वाचलं, बाजाराची यादी वाचावी तसं:
*बांध फुटला. मानशीचं दार वाहून गेलं.
माणसं सात, दिवस तीन, पेज दोन वेळा.
मीठ देणे बाकी: जयती वेळिपीण, कुडव दोन.*

परत वाचा, दर्शिता म्हणाली.
त्याने परत वाचलं.
परत.
मिठाचं पुढे काय झालं, तिने विचारलं.
पुढचं पान कसरीने खाल्लं होतं,
नक्षीसारखं, मोठ्या निगुतीने.

मी नोंद करायला बसले.
शीर्षक: नाही. कर्ता: अज्ञात.
आकार, पाने, स्थिती: जीर्ण.
भाषा:
इथे माझा हात थांबला.
या एका शब्दावरून व्हरांड्यात
दोन विभागांचा चहा गार झालेला मी पाहिलाय.
गोकुळदासला विचारलं, ही मराठी का कोंकणी?
तो म्हणाला, आमी हिशेब म्हणत होतो बाय.

फाटल्या कडेला त्याने पातळ कागद चिकटवला,
मऊ कुंचल्याने, लेकराचं नाक पुसावं तसा.
आठ वाजले. मी बासन गुंडाळू लागले.
राहू दे, तो म्हणाला,
खळ ओली आहे, आज मिटू नको.

मी दिवे घालवले.
मेजावर पान उघडंच राहिलं,
रकान्यात माझी पेन्सिल आडवी.